नऊ नंबरचं दावं

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी बाहेर पडले तेव्हा मला अनंत लांबीच्या तारेभोवतीचं विद्युत क्षेत्र काढता येत होतं, धातूच्या पोकळ गोळ्याच्या पोटात ते शून्य का असतं हे पाठ होतं आणि घरातला फ्यूज बदलता येत नव्हता. फ्यूज आई बदलायची. बदलून झाला की खुर्चीवरून उतरताना ती म्हणायची, "तुझं चालू दे, तू अनंत तार बघ."

देशाचा बाजार खुला होऊन काही वर्षं झाली होती. पुण्यात जो तो संगणकाचं काहीतरी शिकत होता, आणि लग्नाच्या जाहिरातींत ‘मुलीस संगणक येतो’ असं लिहायची पद्धत पडली होती. मला क्लासचा मनापासून कंटाळा. म्हणून वारज्याच्या एका कारखान्यात तपासनीस हवी असल्याची जाहिरात पाहून मी तिकडे गेले. मालक साठीच्या आसपासचे, पांढरा हाफ शर्ट, खिशात तीन पेनं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "स्वारगेटहून इकडची बस किती वाजता सुटते?" मी म्हटलं, "वेळापत्रकातली सांगू की खरी?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

कारखाना म्हणजे जोडून घेतलेले दोन गाळे. मागच्या बाजूला कांद्याचं शेत, पुढच्या बाजूला निम्म्या बांधलेल्या इमारती. आत दोन रांगांत चौदा बायका बसायच्या आणि मोडेमचे बोर्ड जोडायच्या. टेलिफोनच्या तारेतून एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायला लावणारं ते यंत्र. जोडणी होताना आधी जोरात किंचाळायचं आणि मग कामाला लागायचं. बायकांनी त्यात झुरळाएवढ्या चिपा बसवायच्या, सोल्डरिंगचे डाग द्यायचे, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात आपल्या नंबराचा कागद चिकटवायचा. बोर्ड बिघडून परत आला की कोणाच्या हातचा ते कळावं म्हणून हे नंबर. पण ते इतके अंगवळणी पडले होते की बायका एकमेकींनाही नंबरानंच हाका मारायच्या. "तीन नंबर, तुमच्या डब्यात आज मेथी का?" असं सगळं चालायचं.

माझी कामं दोन. एक, रांगेच्या टोकाला बसून बोर्ड तपासणं. दुसरं, प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा बांधलेला आहे ना हे पाहणं. हा पट्टा लवचीक असायचा, आतून धातूची एक चकती, आणि त्याला टेलिफोनच्या रिसीव्हरला असते तशी पिळाची वायर. वायरीचं दुसरं टोक टेबलाखालच्या तांब्याच्या पट्टीला आणि ती पट्टी बाहेर शेताच्या कडेला पुरलेल्या अर्थिंगला. बायका त्याला दावं म्हणायच्या, गाईला बांधतात ते दावं. सकाळी एकमेकींना विचारायच्या, "बांधून घेतलं का?" मालकांनी एकदा मला बोलावून सांगितलं, "आपले मोडेम घेणाऱ्या बंगलोरच्या कंपनीचे लोक पाहणीला येतात. त्यांच्यासमोर दावं म्हणू नका म्हणावं. त्यांना मराठी येत नाही, पण कोणी तरी भाषांतर करतंच."

हा पट्टा कशासाठी, हे बायकांना शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. मी मोठ्या हौसेनं फळा आणवला आणि त्यावर प्रभार, बल, क्षेत्र, विभव असे चार शब्द एकाखाली एक लिहिले. पाच मिनिटांत दोघींना डुलकी लागली. तीन नंबर ही वारजे गावातलीच, पन्नाशीची, रांगेतली सगळ्यांत जुनी बाई. ती म्हणाली, "मॅडम, हे आमच्या पोराच्या पुस्तकात हाय. त्यालाबी कळत न्हाई."

मग मी फळा पुसला आणि मालकांच्या काचेच्या केबिनकडे बोट दाखवलं. म्हटलं, साहेब आत बसलेत. कोणाला हात लावत नाहीत, ओरडत नाहीत. पण केबिनजवळच्या चौघी किती बोलतात आणि दाराजवळच्या चौघी किती? दाराजवळच्या हसल्या. म्हटलं, हेच क्षेत्र. तिथे कोणी बसलेलं असो की नसो, ते आहेच. एखादी जाऊन बसली की तिला ते जाणवतं, ते बल. आणि अंतर दुप्पट केलं की धाक चौपटीनं कमी. बायकांनी मागे वळून आपापलं अंतर मोजलं. त्या दिवसापासून रांगेत ‘आज क्षेत्र तापलंय’ हा वाक्प्रचार सुरू झाला. केबिनची काच फारशी जाड नव्हती, हे मला नंतर कळलं.

विभवासाठी मी माळ्यावरच्या नारळाची गोष्ट सांगितली. नारळ माळ्यावर आहे तोवर कोणाचं काही बिघडत नाही, पण तो जितका उंच, तितका खाली बसलेल्याच्या डोक्याला धोका. आपलं अंगही तसंच. थंडीत नायलॉनची साडी घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलं की अंगावर प्रभार चढतो. असतो चिमूटभरच, पण उंची म्हणाल तर हजारो व्होल्ट. आपल्याला फार तर दाराच्या कडीला चटका बसतो. चिप मात्र इतकी नाजूक की आपल्याला कळतही नाही अशा ठिणगीनं आतून करपते. कधी जागच्या जागी मरते, कधी अर्धमेली होऊन दोन आठवडे चालते आणि मग गिऱ्हाइकाच्या घरी डोळे मिटते. पट्टा म्हणजे त्या नारळाला बांधलेली दोरी. चढल्या चढल्या हळूच खाली उतरवून घ्यायचा. हे सगळ्यांना पटलं. मला तर स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी आईला तोच तास पुन्हा दिला, आणि आईनं तो भाजी निवडत ऐकून घेतला.

नऊ नंबर आली ती त्यानंतर. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न झालं होतं, आणि आठवड्याभरात वाशीमकडच्या गावातून ती थेट पुण्यात. नवरा मार्केट यार्डात एका आडत्याकडे कामाला. वारज्यात त्यांनी एक खोली घेतली होती आणि दोघांनी कमावलं तरच ती खोली टिकणार होती. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, बारीक अंगाची, बोटं मात्र अशी चपळ की तिसऱ्याच दिवशी तिनं जुन्या बायकांना गाठलं. बोलायची वऱ्हाडी, त्यामुळे पहिले काही दिवस रांगेला करमणूक मिळाली. ‘करून ऱ्हायली’ म्हटलं की दोघी-तिघी हसायच्या. ती पण हसायची.

जानेवारी उजाडला तो कडक कोरडा. ओठ फुटत होते, साड्या परकराला चिकटत होत्या आणि बंगलोरहून बोर्ड परत यायला लागले. इथे तपासून चालू स्थितीत पाठवलेले बोर्ड तिथे पंधरा दिवसांत मरत होते. मालकांनी खोकं उघडून बोर्ड टेबलावर मांडले आणि कोपऱ्यातले नंबर वाचायला लागले. नऊ, नऊ, चार, नऊ, नऊ, नऊ. मग वाचायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रांगेत कुजबुज सुरू झाली. तिचा हात जड आहे म्हणे. मग कोणीतरी ‘पांढऱ्या पायाची’ म्हणालं. आठ आणि दहा नंबरनी आपापल्या खुर्च्या वीतभर सरकवून घेतल्या. मालक तसल्या गोष्टी मानणारे नव्हते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "हात जड वगैरे काही नसतं. हात निष्काळजी असतो. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर सांगा, नाहीतर सोमवारपासून त्यांना येऊ नका म्हणून कळवू." मालक सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे, काढून टाकतानासुद्धा.

नऊ नंबरला हे कळायला वेळ लागला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मॅडम, म्या काई केलं नाई जी. मले पाहूनच मरून ऱ्हायले का ते बोर्ड?" मी म्हटलं, असं काही नसतं. ती म्हणाली, "काम गेलं त मले गावाले धाडतीन. सासूबाई म्हनतेतच, एकट्या पोराले खोली कायले लागते. तो इथं, मी तिथं." मग जरा थांबून, "दोनच महिने झाले जी लग्नाले." मी तिला सांगून टाकलं की मी कारण शोधून काढते. पदवीचा माज, दुसरं काय.

सोमवारी मी तिचा पट्टा मीटरनं तपासला. चकतीपासून वायरीच्या टोकापर्यंत सगळं ठीक. मंगळवारी टेबलाखालची पट्टी घासली आणि अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. बुधवारी तिची खुर्ची बदलली, तिला नायलॉनऐवजी सुती साडी नेसून यायला सांगितलं, तर तिच्याकडे सुती साडी एकच, तीही धुवायला टाकलेली. त्याच दुपारी तीन नंबरनं स्वतःच्या मतानं उपाय केला. मागच्या दाराशी नेऊन तिनं नऊ नंबरची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि मिरच्या स्टोव्हवर टाकल्या. दोन्ही गाळे खोकायला लागले. मालक रुमाल नाकाला लावून बाहेर आले आणि मला म्हणाले, "हे तुमच्या अभ्यासक्रमात होतं का?"

अंगावरचा प्रभार मोजायचं तयार यंत्र मिळायचं, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतली काचेची बरणी आठवली. झाकणातून आत सोडलेली तार, तारेच्या टोकाला सोन्याच्या पातळ वर्खाची दोन पानं. तारेला प्रभार लागला की दोन्ही पानांवर सारखाच प्रभार येतो आणि ती एकमेकांना दूर ढकलतात, फाकतात. प्रभार निघून गेला की मिटतात. सोनं कुठून आणणार? पण मिठाईवर चांदीचा वर्ख असतोच की. बुधवारी संध्याकाळी मी बस बदलून भवानी पेठेत गेले. तिथल्या एका बोळात एक म्हातारे चाचा बसायचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चांदी कुटून वर्ख करायचं काम होतं.

"बर्फीला पायजे की खिरीला?" त्यांनी विचारलं.

"बरणीला," मी म्हटलं.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाले, "बेटा, थंडीत हा वर्ख ऐकतच नाय. बोट जवळ नेलं की आपोआप उडी मारतो. आम्ही म्हणतो, आज लाडात आलाय." त्यांनी वर्खाच्या दोन बारीक पट्ट्या कापून कागदाच्या घडीत ठेवल्या आणि बजावलं, "हात नाय लावायचा. कुंचल्यानं उचलायचा. आणि श्वास पण उसना घेतल्यासारखा घ्यायचा." खबरदारी म्हणून दोन पट्ट्या जास्तीच्या दिल्या. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, बरणीचं काय झालं ते येऊन सांग म्हणाले.

गुरुवारी मी रजा घेतली, आणि तो सगळा दिवस बरणीत गेला. आईनं मधाची रिकामी बाटली दिली, परत आणायच्या बोलीवर. झाकणाला भोक पाडून तांब्याची तार मी मेणात घट्ट बसवली. पहिली पट्टी माझ्या शिंकेनं गेली. दुसरी मनगटाला चिकटली आणि निघेना, शेवटी मी ती चाटून टाकली. तिसरी आणि चौथी कशीबशी तारेला लागल्या. डोक्यात फिरवलेला कंगवा मी तारेजवळ नेला, तर बाटलीतली पानं चटकन फाकली. कंगवा तारेला टेकलेलाही नव्हता. क्षेत्र म्हणजे काय हे त्या क्षणी मला स्वतःला पहिल्यांदा दिसलं, आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "झालं का? बाटली धुऊन दे."

शुक्रवारी चारच्या चहाला मी बरणी मधल्या टेबलावर ठेवली. सगळ्या जमल्या. मी सांगितलं, पट्टा बांधलेला राहू दे, खुर्चीवरून उठायचं आणि या तारेला बोट लावायचं. पट्टा काम करत असेल तर पानं हलणार नाहीत. तीन नंबरनं देवाचं नाव घेऊन बोट लावलं. पानं गप्प. चार नंबर, सहा नंबर, सात नंबर. पानं गप्प. तीन नंबर म्हणाली, "बिघडली न्हवं बरणी?" म्हणून तिला पट्टा सोडून पुन्हा बोट लावायला सांगितलं, तर पानं लगेच फाकली. सगळ्या हसल्या. मी पट्टा बांधलेल्या हातानं तारेला बोट लावून पानं मिटवली. मग नऊ नंबर पुढे आली. पट्टा नीट बांधलेला, मीच तपासलेला. तिनं बोट लावलं आणि पानं पार दोन बाजूंना फाकली.

कोणी हसलं नाही. आठ नंबर मागे सरकली. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा. आमी सांगत न्हवतो?" नऊ नंबरनं बोट काढून घेतलं, पण पानं तशीच फाकलेली. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू तिच्याबद्दलचं सगळं खरं ठरलं. मी केलं होतं काय, तर कुजबुजीला प्रयोगाचा पुरावा मिळवून दिला होता.

मी म्हटलं, "पुन्हा लाव." तिनं बोट लावलं, पानं तशीच. धीर द्यावा म्हणून मी तिचा दुसरा हात हातात घेतला, आणि बरणीतली पानं मिटली.

मी हात सोडला. तिला खुर्चीवर बसून उठायला लावलं. पानं फाकली. पुन्हा हात धरला. मिटली. माझ्या मनगटाला माझा पट्टा होता. म्हणजे तिच्या अंगावरचा प्रभार माझ्या हातातून, माझ्या पट्ट्यातून जमिनीत जात होता आणि तिच्या स्वतःच्या पट्ट्यातून जात नव्हता. मी तिचं मनगट वर उचलून पाहिलं. कोपराच्या दिशेनं वीतभर हिरवा चुडा, काचेच्या बांगड्या एकीला एक लागून, आणि पट्टा त्यांच्यावर बांधलेला. धातूची चकती काचेवर टेकलेली होती. काचेतून वीज जात नाही हे सातवीच्या मुलाला विचारलं तरी सांगेल. आठवडाभर मी पट्टा मोजला, वायर मोजली, जमीन मोजली. पट्टा तिला लागतो की नाही, एवढंच पाहिलं नव्हतं.

आणि मग मला तिचा पहिला दिवस आठवला. तिनं पट्टा हातात धरून मला विचारलं होतं, "बांगड्या काढू का जी?" आणि मी म्हणाले होते, "अगं, नवी नवरी तू, बांगड्या कशाला काढतेस? वरूनच बांध." इतर बायकांच्या हातात दोन-दोनच बांगड्या, त्या सरकवून पट्टा कातडीला लागायचा. तिचा चुडा दोन्ही हातांत भरगच्च. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

केबिनचं दार उघडलं. मालक बहुधा काचेतून सगळं बघतच होते. मी सांगितलं की कारण सापडलं, पट्टा बांगड्यांवर बांधलेला होता, त्यामुळे तो असून नसल्यासारखा. मालकांनी मान डोलावली. मग नऊ नंबरकडे वळून विचारलं, "पट्टा बांगड्यांवर बांधायला आपल्याला कोणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी निमिषभर. मग मान खाली घालून म्हणाली, "कोनी नाई जी. म्याच बांधला."

"सूचना दिली होती ना?"

"देल्ली होती जी."

"दिलेली सूचना पाळायची नाही, तर मग अवघड आहे," मालक म्हणाले. "सोमवारपासून येऊ नका."

इथे मी लगेच बोलले असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी बोलले नाही. मी मनात म्हटलं, नंतर केबिनमध्ये जाऊन शांतपणे सांगावं, चौदाजणींसमोर कशाला. उद्यापासून या बायका आपलं काय ऐकतील, असंही मनात आलं. तोवर नऊ नंबरनं पट्टा सोडला आणि मी शिकवलं होतं तशी वायर बोटांभोवती गुंडाळायला लागली, पीळ मोडू न देता, एकेक वेढा नीट बसवत. मला अजूनही लाज वाटते ती त्या वेढ्यांची. तिची वायर संपत आली तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "बांगड्या काढू का म्हणून तिनं विचारलं होतं. मीच म्हणाले, वरून बांध."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पदवी कोणी दिली?"

"विद्यापीठानं."

"त्यांना एक पत्र टाकायला हवं." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. आता मला काढून टाकतील असं सगळ्यांना वाटलं, मला सर्वांत जास्त. पण ते म्हणाले, "ठीक. मग आता उपाय काय? बांगड्या उतरवायच्या?"

चौदाजणींनी एकदम माना वर केल्या. लग्नाचा चुडा असा कोणाच्या सांगण्यावरून उतरवत नाहीत, हे मालकांनाही ठाऊक होतं, आणि प्रश्न विचारून तेच जरा अवघडले. मी पट्टा कोपराच्या वर बांधता येईल का याचा विचार करत होते. तिथे पट्टा पुरत नव्हता.

"पायात बांधलं त चालन का जी?" नऊ नंबर म्हणाली.

वाहकाच्या अंगावर सगळीकडे विभव सारखाच असतो, हे प्रमेय मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं, आकृतीसकट. माणसाचं अंग वाहक आहे. हात काय आणि पाय काय, जमिनीला कुठूनही जोडा, सगळा माणूस जमिनीच्या पातळीला येतो. तिनं चप्पल काढून पट्टा घोट्याला बांधला, पैंजणाच्या वर, चकती कातडीला लावून. खुर्चीवरून उठली, बरणीच्या तारेला बोट लावलं. पानं जागची हलली नाहीत. तीन नंबरनं पुढे होऊन खात्रीसाठी बरणीवर टिचकी मारली. तरी नाहीत.

मालकांनी चष्मा वर करून बरणीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारपासून रोज सकाळी सगळ्यांचे पट्टे नऊ नंबर तपासतील." दारातून वळून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यांचा आधी."

संध्याकाळी आम्ही दोघी थांब्यापर्यंत बरोबर चालत गेलो. तिची खोली त्याच वाटेवर होती. बाटली माझ्या पिशवीत होती आणि मी ती सांभाळत चालत होते, म्हणजे मला तिच्याकडे बघावं लागत नव्हतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या जी. मी म्हटलं, जाऊ कसं देऊ, तुझं काम जात होतं, तुला गावाला पाठवलं असतं, आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. का घेतलं नाहीस?

थांबा आला. बस लांब वळणावर दिसायला लागली होती.

"लगन झालं अन् लगेच इथं आलो जी," ती म्हणाली. "खोलीत कोनी नाई, वाड्यावस्तीतलं कोनी नाई. ना कोनी हळद पाहिली, ना चुडा पाहिला. तुमी त्या दिवशी म्हनल्या, नवी नवरी तू, बांगड्या कायले काढतं. पुन्यात आल्यापासून मले नवी नवरी म्हननाऱ्या तुमी एकट्याच होत्या."